पहिला दाब

आमच्या पिढीतल्या एनसीसीच्या पोरांना रायफलचा ट्रिगर बिघडलाय हे डोळ्यांच्या आधी बोटाला कळायचं. छावणीतल्या रेंजवर ग्राउंडशीट अंथरून पालथं पडायचं, गाल लाकडाला टेकवायचा, कोपराखालचे खडे टोचले तरी हलायचं नाही, आणि उजव्या तर्जनीनं पहिला दाब घ्यायचा. ट्रिगर थोडा मागे यायचा आणि एका जागी अडायचा. तिथं आपणही अडायचं. अर्धा श्वास सोडायचा, फोरसाइटचं टोक टार्गेटच्या खालच्या कडेला आलंय का बघायचं, आणि मग सावकाश दुसरा दाब. ज्या रायफलचं हे अडणं स्वच्छ लागायचं तिच्यासाठी रांगेत धक्काबुक्की व्हायची. जिचं लागायचं नाही ती ज्याच्या वाट्याला यायची, त्याचा रविवार वाया जायचा.

आज मराठवाड्यातल्या आपल्या शहरातली मुलं दहा मीटरच्या एअर रायफलवर शिकतात. डोक्यावर छत, पायाखाली सपाट फरशी, अंगात जाड जाकीट, हातात बहुतेक जर्मन बनावटीची रायफल. तिचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आसपासच्या दाबाला सुटतो. आमच्या थ्री नॉट थ्री रायफलचा पहिला दाब कागदोपत्री तीन ते चार पौंडांचा आणि दुसरा पाच ते सहा पौंडांचा, म्हणजे अडीच किलोच्या आगेमागे. आम्ही बोटानं ओढत होतो, ही मुलं बोट नुसतं टेकवतात. त्यांचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पाच गोळ्या एका वाटीखाली झाकल्या गेल्या की आम्ही महिनाभर ते सांगत फिरायचो.

एनसीसी सुरू झाली १९४८ मध्ये. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती कॉलेजांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. आम्ही त्यानंतरचे, आपखुशीनं आलेले. देवगिरी, सरस्वती भुवन, मिलिंद, मौलाना आझाद अशा वेगवेगळ्या कॉलेजांतली पोरं कॅम्पात एकाच तंबूत झोपायची. कोणी पैठणकडचा, कोणी सिल्लोडचा, कोणी शहागंजातला. ड्रिलला थ्री नॉट थ्री मिळायची आणि फायरिंगला पॉइंट टू टू. ही टू टू म्हणजे मुळात थ्री नॉट थ्रीच होती. पहिल्या महायुद्धात गाजलेल्या ली-एनफिल्डची नळी आणि बोल्टचं तोंड बदलून तिला लहान गोळीची केलेली. लांबी, वजन, लाकूड आणि ट्रिगरची जुळणी जुन्याच घराण्याची. सारा घोळ त्या जुळणीत होता आणि सारी मजाही तिथेच होती.

ली-एनफिल्डच्या त्या नमुन्यात ट्रिगर आणि सियर वेगवेगळ्या घरी राहतात. सियर, म्हणजे बोल्टच्या मागच्या कॉकिंग पीसला अडवून धरणारा तुकडा, वर लोखंडी बॉडीला असतो. ट्रिगर मात्र खाली ट्रिगर गार्डमध्ये पिनेवर बसवलेला. मधे लाकूड. म्हणजे ट्रिगर आणि सियर यांच्यातलं अंतर किती राहणार हे त्या अक्रोडाच्या लाकडावर अवलंबून. ट्रिगरच्या माथ्यावर दोन उंचवटे असतात. पहिला सियरला लागतो तो पहिला दाब, दुसरा लागतो तो दुसरा. लाकूड फुगलं की गार्ड खाली सरकतो, ट्रिगर सियरपासून लांब जातो आणि पहिला दाब लांबलचक होतो. लाकूड आटलं आणि कोणी गार्डचा स्क्रू आवळला की गार्ड वर चढतो, पहिला दाब नाहीसा होतो आणि बोटाला थेट दुसराच लागतो. आता मराठवाड्याचं हवामान आठवा. मे महिन्यात कोतात, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, ठेवलेलं लाकूड तडकतं का अशी भीती आणि जुलैत त्याच कोताच्या भिंतींना ओल. एकच रायफल उन्हाळी कॅम्पात एका स्वभावाची आणि पावसाळ्यात दुसऱ्या स्वभावाची. इंग्रजांनाही हे दुखणं ठाऊक होतं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नंबर चार रायफलच्या मार्क दोनमध्ये ट्रिगर गार्डवरून काढला आणि वर बॉडीलाच टांगला. लाकडाचा संबंधच तोडून टाकला. ती सुधारणा आमच्या कोतापर्यंत आली नाही, म्हणून आम्हाला लाकूड समजून घ्यावं लागलं.

आताच्या बहुतेक रायफलींना लाकूडच नाही. ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यात ट्रिगरचं संपूर्ण युनिट एका डबीसारखं बसवलेलं. पहिल्या टप्प्याचं वजन, दुसऱ्याचं वजन, टप्प्याची लांबी, ट्रिगर बोटापासून किती पुढं हवा, प्रत्येकाला वेगळा स्क्रू आणि त्या सगळ्यांना एक बारीक ॲलन की. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवले की झालं. पाऊस पडो की ऊन तापो, सोमवारचा ट्रिगर शनिवारीही तोच. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर सियरचं घर्षणही गेलं. बोट एक कळ दाबतं आणि पुढचं काम वीज करते. बिघाड झाला तर कोच म्हणतात, उघडू नका, युनिट पाठवून द्या. मुलं ऐकतात, आणि ते बरोबरच आहे. इतक्या नाजूक वस्तूत घरच्या पेचकसानं हात घालू नये.

आमच्याकडे पाठवून द्यायला दुसरं ठिकाण नव्हतं. बटालियनचा आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होता, पण त्याचा वार ठरलेला नसायचा. तोवर पीआय स्टाफचे, म्हणजे फौजेतून आम्हाला शिकवायला आलेले, हवालदारसाहेब हेच आमचे डॉक्टर. कोणी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, कोणी महार रेजिमेंटचे, आणि बोलणं सगळ्यांचं फौजी हिंदीत. पोरानं तक्रार केली की ते आधी रायफल हातात घ्यायचे नाहीत. पोरालाच घ्यायला लावायचे. पहिली पायरी एकच, रिकामी आहे का बघ. बोल्ट उघड, चेंबरमध्ये नजर टाक, बोट घालून खात्री कर. हे न करता कोणी ट्रिगरकडे बोट नेलं की मैदानाला फेरी. मग बोल्टवरचा नंबर वाच आणि बॉडीवरचा नंबर वाच. दोन्ही जुळतात?

निम्म्या वेळा दुखणं इथंच सापडायचं. रायफली साफ करताना आम्ही गोलात बसायचो, बोल्ट काढून पुढ्यात ठेवायचो, आणि गप्पांच्या नादात बोल्टांची अदलाबदल व्हायची. बाहेरून सगळे बोल्ट सारखे. पण प्रत्येक बोल्ट आपापल्या बॉडीला घासून बसवलेला असतो, आणि प्रत्येक कॉकिंग पीसचं तोंड आपापल्या सियरशी वर्षानुवर्षं झिजून जुळलेलं असतं. परका बोल्ट आत गेला की ट्रिगर कधी खरखरतो, कधी घसरतो. सगळ्यात वाईट म्हणजे कधी काहीच जाणवत नाही आणि धोका आत तसाच राहतो. साहेब सगळ्यांचे बोल्ट पुन्हा गोळा करायचे आणि नंबर ओरडून एकेकाला परत द्यायचे. वर्गात हजेरीला न येणारी पोरंही त्या हजेरीला कान टवकारून उभी राहायची. आज चाळीस वर्षांनी त्यातल्या अनेकांना मुलाचा मोबाइल नंबर पाठ नाही, पण रायफलचा नंबर पाठ आहे.

नंबर जुळले तर पुढची पायरी. डोळे मीट. कॉक कर. आता दाब आणि मोज. पहिला दाब कुठं सुरू झाला, कुठं अडला, अडल्यावर रेती लागली की साफ सुटला? पोरगं जे सांगेल ते साहेब मान खाली घालून ऐकायचे आणि मग तीच रायफल स्वतः तपासायचे. त्यांचं आणि पोराचं उत्तर एक आलं तर पुढं. मग गार्डचे स्क्रू. पुढचा सैल आहे का, मागचा सैल आहे का. मग रिकामी रायफल कॉक करून बट जमिनीवर ठोकायचा, धक्क्यानं कॉकिंग पीस आपोआप सुटतो का हे बघायला. सुटला तर त्या रायफलला लाल चिंधी, ती रांगेतून बाहेर. सुटला नाही तर शेवटी लाकूड. लोखंड लाकडाला कुठं टेकतंय आणि कुठं टेकायला हवं, हे बघायला आर्मरर लोखंडावर काजळी धरायचा, ते लाकडात बसवायचा, परत काढायचा आणि डाग कुठं पडलाय ते आम्हाला दाखवायचा. ट्रिगरचं दुखणं ट्रिगरपासून चार इंच दूर एका काळ्या डागात सापडायचं. आम्ही तोंड उघडं टाकून बघत राहायचो.

आणि सियरला कोणी हात लावायचा नाही. हा नियम साहेबांचा नव्हता, देवाचा होता. सियर आणि कॉकिंग पीस जिथं एकमेकांना धरतात ती जागा नखाएवढी. तिथं एक चुकीचा घासा बसला तर रायफल कोणाच्याही पोटात सुटू शकते. ट्रिगर हलका करून देतो असं सांगणारा एखादा हुशार पोरगा प्रत्येक बॅचमध्ये असायचा. त्याच्या हातातली कानस काढून घेताना साहेबांचा आवाज जितका खाली यायचा तितका एरवी कधी येत नसे.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सांगितली नाही तर लबाडी होईल. त्या रायफली बऱ्याचदा टाकाऊ होत्या. आमच्याआधी कित्येक बॅचेसनी त्या झाडल्या होत्या. नळीतल्या रेषा झिजलेल्या, साइट वाकडी, लाकडाला खिळपट्ट्या. चांगल्या डोळ्याचा पोरगा वाईट रायफलवर पडला की त्याच्या गोळ्यांचा ग्रुप पसरायचा आणि वहीत त्याच्या नावापुढं नापास यायचं. तक्रार करणारा दहांत एक. बाकीचे स्वतःलाच दोष देऊन घरी जायचे. रायफलचा दोष पोराच्या हाताच्या नावावर चढायचा, आणि तो उतरवायला कोणी बसत नसे. गोळ्या तर इतक्या मोजून मिळायच्या की पहिल्या पाचांत हात बसायचा आणि तोवर पाळी संपायची. कानात घालायला काही नसायचं. संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजायची, ती आम्ही मर्दपणात जमा करायचो. आज आमच्यापैकी काहींना फोन एकाच कानाला लावावा लागतो.

मुलींचं तर विचारूच नका. एनसीसीची मुलींची शाखा १९४९ पासूनची आहे, पण आमच्या कॅम्पांत मुलींच्या रेंजची पाळी शेवटी यायची, आणि शेवटी प्रकाश आणि गोळ्या दोन्ही संपत आलेली असायची. त्यांच्या खांद्याला ती ४५ इंचांची रायफल मोठी पडते हे सगळ्यांना दिसत होतं. बट लहान करून द्यावा असं कोणाच्या मनात आलं नाही. त्यांच्या बोटांना अडीच किलोचा दाब जड जातो, मग त्या झटका देतात, मग गोळी खाली जाते, आणि मग सगळे म्हणतात मुलींना जमत नाही.

आजच्या रायफलची बट-प्लेट वरखाली, पुढंमागं होते. गालाची पट्टी सरकते. बारा वर्षांच्या मुलीच्या मापाला रायफल बसवतात, आणि नेमबाजीत महाराष्ट्राच्या मुली पुढं का आहेत याचं निम्मं उत्तर त्या चार स्क्रूंमध्ये आहे असं मला वाटतं. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतूनच नेमबाजीकडे वळल्या आणि सन २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जागतिक विजेती झाली. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जुन्या कॅडेटनं पहिला मेसेज टाकला तो असा: टू टूच आहे रे ती! खरं आहे. त्या स्पर्धेची गोळी ५.६ मिलिमीटरची, म्हणजे आमचीच पॉइंट टू टू. गोळी तीच, बाकी सगळं बदललेलं. आमची रायफल घेऊन त्याला कोणी त्या रांगेत झोपवलं असतं तर पदक सोडा, पात्रता फेरीही पार झाली नसती. हे मान्य केल्याशिवाय जुन्या रायफलसाठी हळहळायचा हक्क आम्हाला नाही.

आणखी मागं गेलं तर हळहळ अजून अवघड होते. आमच्या आधीच्या पिढीला मराठवाड्यात रायफल म्हटलं की रझाकार आठवायचे. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन होऊन निजामाची राजवट संपली, पण खेड्यापाड्यातल्या आज्यांच्या मनातून बंदूक गेली नव्हती. एनसीसीची वर्दी घालून गावी गेलेल्या नातवाला आजी दारातच विचारायची, बाबा, बंदूक तर नाही ना आणली? आम्हाला ते तेव्हा हसण्यावारी न्यावंसं वाटायचं. आज वाटतं, आमच्यासाठी शनिवार-रविवारचा खेळ असलेली ती वस्तू तिनं दुसऱ्या टोकाकडून पाहिलेली होती.

बंदुकीचा ट्रिगर आमच्या बोटाला पहिल्यांदा लागला तो मात्र एनसीसीत नाही, कर्णपुऱ्याच्या यात्रेत. नवरात्रात देवीचं दर्शन झालं की पाळण्याकडे जाण्याआधी फुगे फोडायचा स्टॉल. ती एअरगन वाकडी असते हे सगळ्या शहराला माहीत. डावीकडचा फुगा फोडायचा तर उजवीकडच्यावर नेम धरायचा, आणि ट्रिगर इतका ढिला की कधी सुटेल ते गनवाल्यालाही सांगता येत नाही. तो स्टॉल आजही लागतो. अकादमीत शिकणारी नात तिथं उभी राहते, एकदा ट्रिगर दाबून बघते आणि बंदूक परत देते. आम्ही तिथं दोन रुपये घालवून, तीन फुगे चुकवून, ही बंदूक कुठं ओढते ते शोधून काढायचो आणि चौथा फोडायचो. तिचा निर्णय शहाणपणाचा आहे. पण चौथा फुगा फुटायचा तेव्हाचा आमचा आनंद फुग्याचा नव्हता, बंदूक ओळखल्याचा होता.

रेंजवरचे सोपस्कार तर सगळेच गेले असं नाही. एनसीसीत आजही फायरिंग संपल्यावर खाली खोके, म्हणजे झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, मोजतात आणि आजही मुलं छाती काढून म्हणतात की माझ्याकडे कोणताही राउंड किंवा खाली खोका नाही, श्रीमान. पण आता सिम्युलेटरही आलेत. पडद्यावर टार्गेट, गोळी नाही, खोका नाही, वास नाही. दहा मीटरच्या अकादमीत इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलं तर छर्रा लागताक्षणी शेजारच्या स्क्रीनवर दशांशात गुण. १०.३, ९.८, १०.६. चुकलं कुठं ते त्याच सेकंदाला कळतं. आम्हाला ते कळायला पूर्ण डिटेलचं, म्हणजे एका पाळीतल्या सगळ्यांचं, फायरिंग संपावं लागायचं. शिट्टी व्हायची, रायफली खाली, बोल्ट उघडे, सगळे मागे, आणि मग पंचवीस यार्ड चालत टार्गेटपर्यंत. ते चालणं फार लांबचं वाटायचं. कागदावरची भोकं बोटानं शोधायची, दोन भोकं एकात गेलीत की एक गोळी चुकलीय यावर वाद घालायचा, मागून उजेड धरून कडा तपासायच्या. शेवटी साहेब पट्टी लावायचे आणि वाद मिटायचा. मग खळ आणि कागदाच्या चिकटपट्ट्यांनी भोकं बुजवून तेच टार्गेट पुढच्यासाठी. आजच्या मुलांना इतका वेळ उत्तर न कळता राहायची सवय लागणं अवघड आहे, आणि त्यांनी ती का लावावी हेही मला सांगता येत नाही.

त्या वेळचा माझा सर्वांत आवडता सोपस्कार मात्र गोळीशिवायचा होता. परेडनंतर खिचडी किंवा पुरीभाजीची रिफ्रेशमेंट व्हायच्या आधी, जोड्या करून बसायचं. एकानं पालथं पडून रिकामी रायफल धरायची, दुसऱ्यानं नळीच्या टोकाशी एक नाणं ठेवायचं. ट्रिगर दाबला आणि नाणं पडलं नाही तर एक गुण. यात पडलेल्याची परीक्षा होतीच, पण नाणं ठेवणाऱ्याचीही होती. त्याचा चेहरा नळीपासून हातभर बाजूला असायचा, म्हणून रिकामी आहे ना हे तो स्वतः दोनदा बघायचा, मग मित्र कितीही चिडो. दुसऱ्याच्या बोटावर विश्वास ठेवायचा आणि तरीही स्वतः तपासायचं, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात हे आम्ही त्या नाण्यापाशी शिकलो. आता ड्राय फायरिंगसाठी रायफलवर सेन्सर लावतात. नेम कसा थरथरला त्याची रेघ संगणकावर उमटते. नाण्यापेक्षा ते कितीतरी अचूक आहे, आणि त्याला समोर मित्र लागत नाही.

आमच्यातले बरेच जण पुढं फौजेत गेले नाहीत. १९८० च्या दशकात वाळूजची वसाहत उभी राहिली, बजाजचा कारखाना आला, आणि आयटीआय केलेली पोरं फिटर म्हणून लागली. तिथं पहिल्याच आठवड्यात सरफेस प्लेटवर निळा रंग लावून कुठं टेकतंय ते बघायला शिकवतात. ज्यांनी आर्मररची काजळी पाहिली होती त्यांना ते नवं नव्हतं. असा एक मित्र, आता निवृत्त, म्हणतो की लाइन बंद पडली आणि सगळे बंद पडलेल्या मशिनकडे धावले की तो उलट्या दिशेनं चालायला लागायचा. दोन मशिन मागं काहीतरी सैल असायचं. ही सवय त्याला ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूनं लावली होती. दुखतं तिथं दोष नसतो, दोष शोधत जावा लागतो, एकेक गोष्ट बाद करत, क्रमानं, घाई न करता. बंद युनिट बदलून देणाऱ्या काळात ही सवय लागायला जागा उरत नाही, आणि माझं खरं दुःख हे आहे. रायफलचं नाही.

हे दुःख म्हणजे नुसतं आमचं तारुण्य आठवणं आहे का, असं कोणी विचारलं तर मी आधी थोडं थांबतो. गुडघे दुखत नव्हते, रविवार मोठा होता, परेडनंतर गुलमंडीवर जाऊन इमरती खायला दोन रुपये पुरत होते. त्यात खरखरता ट्रिगरही गोड लागला असेल. पण मग टोकियो ऑलिंपिक आठवतं. २५ जुलै २०२१, दहा मीटर एअर पिस्तुलाची पात्रता फेरी. मनू भाकरच्या पिस्तुलाचा कॉकिंग लिव्हर स्पर्धा चालू असतानाच निकामी झाला. घड्याळ पळत होतं आणि ती दुरुस्तीच्या टेबलापाशी उभी होती. परत आली तेव्हा उरलेल्या गोळ्यांना फार थोडा वेळ शिल्लक होता. तिनं ५७५ गुण केले, बारावी आली, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीन वर्षांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिनं दोन ब्राँझ पदकं घेतली, म्हणजे तिच्या हाताबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. जगातली सर्वोत्तम यंत्रंही नको त्या क्षणी अडतात. तेव्हा यंत्राशी ओळख असलेला माणूस जवळ लागतो, आणि अशी ओळख एका दिवसात होत नाही.

म्हणून अकादम्या चालवणाऱ्या आपल्या शहरातल्या प्रशिक्षकांना एक सांगणं आहे. ट्रिगर युनिट मुलांनी उघडू नये हे योग्यच. पण महिन्यातून एक दिवस गोळी न झाडता फक्त रायफलचा ठेवा. मुलांनी डोळे मिटून आपला ट्रिगर तपासावा, काय जाणवलं ते शब्दांत सांगावं, बाहेरून दिसणारा प्रत्येक स्क्रू ओळखावा, आणि बिघाड झाला तर कोणत्या क्रमानं शोधायचं ते वहीत स्वतःच्या हातानं लिहावं. एनसीसीच्या कोतांत ड्रिलपुरत्या उरलेल्या थ्री नॉट थ्री अजून असतील, तर त्यातली एक कायमची निकामी करून, मधोमध कापून, ट्रिगर आणि सियर उघडे दिसतील अशी वर्गात ठेवता येईल. आणि ज्यांच्या घरात, गल्लीत, नात्यात फौजेचे किंवा पोलिसांचे निवृत्त आर्मरर आहेत त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यापाशी बसावं, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करावं आणि त्यांना काजळीबद्दल विचारावं. ही माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत आणि त्यांची विद्या हातांत आहे, पुस्तकात नाही.